वाचकांचे प्रश्न : बालगृहातील काळजीवाहक, ठेकेदार आणि निविदेचा हिशेब

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका शासकीय बालगृहात पाच वर्षांपासून काळजीवाहक आहे. आम्ही चौदा जणी एजन्सीमार्फत कामावर आहोत. या काळात ठेकेदार तीन वेळा बदलला. सध्याचा ठेकेदार पगार बँकेत जमा करतो, पण दुसऱ्याच दिवशी प्रत्येकीकडून दोन हजार रुपये रोख परत मागतो. पीएफच्या पासबुकात सात महिन्यांची नोंद नाही. अधीक्षकांना सांगितले, तर ते म्हणतात, "तुमचा करार एजन्सीशी आहे, कार्यालयाचा त्यात संबंध नाही." हे बरोबर आहे का?
— एक भगिनी, मिरज

उत्तर : बरोबर नाही. अनेक कार्यालयांत हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते कुठल्या तरी शासन निर्णयातच असावे असे ऐकणाऱ्याला वाटते. कायदा मात्र नेमके उलट सांगतो. 1970 च्या कंत्राटी कामगार अधिनियमाच्या कलम 21 मध्ये, ठेकेदाराने वेतन थकवले किंवा कमी दिले तर मुख्य मालकाने, म्हणजे ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम चालते त्याने, ते भरून द्यावे आणि नंतर ठेकेदाराच्या देयकातून वसूल करावे, अशी तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी हा अधिनियम आपल्यात सामावून घेतला, पण ही जबाबदारी पुसलेली नाही. वेतन संहितेच्या कलम 43 नुसार नियोक्त्याने वेतन दिले नाही, तर ज्याच्या आस्थापनेत कर्मचारी काम करतो त्याच्यावर ते देण्याची जबाबदारी येते. पीएफच्या बाबतीतही तसेच आहे. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी योजनेतील परिच्छेद 30 प्रमाणे ठेकेदारामार्फत नेमलेल्या कर्मचाऱ्यांची वर्गणी भरली जाण्याचे अंतिम दायित्व मुख्य मालकाचे आहे.

दोन हजारांची मागणी ही कायद्याच्या भाषेत कपातदेखील नाही. कपात वेतनचिठ्ठीवर दिसते आणि कोणत्या कारणांसाठी ती करता येते हे कायद्याने ठरवून दिले आहे. तुमच्याकडून घेतले जाणारे पैसे कुठेच दिसत नाहीत, आणि म्हणूनच ते रोख मागितले जातात. पगार जमा झालेला दिवस आणि लगेच काढलेली तेवढीच रक्कम बँकेच्या पासबुकात दर महिन्याला उमटते. चौदाही जणींच्या पासबुकांत एकच आकडा एकाच सुमारास निघालेला दिसला, तर चौकशी करणाऱ्याला फार काही विचारावे लागत नाही. त्यामुळे तक्रार एकटीने करू नका. सर्वांच्या सह्यांची करा. ती सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्या आणि तिची प्रत अधीक्षकांच्या आवक नोंदवहीत नोंदवून पोच घ्या. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो आणि प्राधिकाऱ्याला मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे.

पीएफसाठी आणखी एक मार्ग आहे. ठेकेदाराच्या मासिक देयकासोबत पीएफ व ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) चलनाची, म्हणजे रक्कम भरल्याच्या पावतीची, आणि कर्मचारीनिहाय यादीची प्रत जोडलेली असणे अपेक्षित असते. माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली दहा रुपये शुल्क भरून त्या सात महिन्यांच्या देयकांच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. चलन जोडलेले नसताना देयक मंजूर झाले असेल, तर प्रश्न ठेकेदारापुरता राहत नाही, देयकावर सही करणाऱ्यापर्यंत जातो. मी लेखाशाखेत होतो तेव्हाचा अनुभव असा की, असा अर्ज नुसता दाखल झाला तरी थकलेली चलने कधी कधी आठवडाभरात भरली जातात.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या निविदा समितीवर मी सदस्य आहे. मनुष्यबळ पुरवण्याच्या निविदेत बहुतेक एजन्सी सेवाशुल्क, म्हणजे स्वतःचा मोबदला, एक टक्का किंवा त्याहूनही कमी भरतात. न्यूनतम दर नाकारला तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, ही भीती असते. काय करावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वरच्या पत्राचे मूळ तुमच्या पत्रात आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतली. हिशेबासाठी समजा की मासिक वेतन 14,000 रुपये आहे. त्यावर नियोक्त्याचा पीएफ इतर आकारांसह 13 टक्के म्हणजे 1,820, ईएसआय 3.25 टक्के म्हणजे 455 आणि बोनसची तरतूद 8.33 टक्के म्हणजे 1,166 रुपये होते. एका व्यक्तीमागे 17,441 आणि चौदा जणींचे 2,44,174 रुपये झाले. एक टक्का सेवाशुल्काने एजन्सीच्या हाती महिन्याला 2,442 रुपये येतात. आता तुमचे कार्यालय देयक तीन महिन्यांनी देते असे धरा, आणि अनुदान उशिरा येते म्हणून ते तसे देतेच. मग एजन्सीचे सव्वासात लाखांहून अधिक रुपये अडकून पडतात आणि वर्षाला बारा टक्के दराने त्यांचे व्याजच महिन्याला 7,325 रुपये होते. म्हणजे निविदा उघडली त्याच दिवशी ही एजन्सी तोट्यात असते. तरीही ती काम घेते, याचे कारण मिरजेच्या भगिनींच्या पत्रात आहे : दोन हजार गुणिले चौदा म्हणजे 28,000 रुपये.

त्यामुळे वेतन आणि वैधानिक देणी ही स्पर्धेच्या बाहेर ठेवून निविदेतच छापावीत आणि देकार, म्हणजे दराची बोली, फक्त सेवाशुल्काचा मागवावा. राज्यात किमान वेतनाचा विशेष (महागाई) भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो; ती वाढ कार्यालय स्वतंत्रपणे देईल असे लिहिले नाही, तर दोन वर्षांच्या करारात तो भार कर्मचाऱ्याच्या खिशावर येतो. सेवाशुल्काची किमान मर्यादाही ठेवता येते. केंद्र सरकारने जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरील अशा निविदांसाठी 2023 मध्ये 3.85 टक्क्यांची किमान मर्यादा घातली. आपल्या हिशेबात ते 9,400 रुपये होतात, म्हणजे व्याज वजा जाता सुमारे दोन हजार उरतात. तेवढ्यात एजन्सी कशीबशी तग धरेल, पण तुम्ही देयक पंधरा दिवसांत दिले तरच ती नीट चालेल. देयकाची मुदत कार्यालयावरही बंधनकारक असल्याचे कलम मी फार थोड्या निविदांत पाहिले आहे. दर मर्यादेवर बांधल्यावर अनेक देकार समान येतात हे खरे. तेव्हा चिठ्ठी टाकण्यापेक्षा मागील तीन वर्षांची पीएफ चलने वेळेत भरल्याचा पुरावा हा निकष निविदेतच आधी लिहून ठेवावा. निकष आधी लिहिलेला असला की लेखापरीक्षकाला उत्तर देता येते. आक्षेप येतो तो मागाहून सुचलेल्या कारणांवर.

बालगृहासाठीची निविदा आणि कार्यालयाच्या साफसफाईची निविदा एकाच साच्यातून काढली जाते, हे मला सर्वांत खटकते. झाडू मारणारे हात बदलले तर फरशीला काही कळत नाही. रात्री दचकून उठणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला मात्र खोलीत आलेला चेहरा ओळखीचा आहे की नाही हे पहिल्या क्षणी कळते. म्हणून एजन्सी बदलली तरी गैरवर्तनाची नोंद नसलेले सध्याचे कर्मचारी नव्या एजन्सीने त्याच यूएएन क्रमांकावर (पीएफचा कायम खाते क्रमांक) सामावून घ्यावेत, अशी अट घाला. पोक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) नियम, 2020 नुसार मुलांच्या संस्थेतील प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कंत्राटी असला तरी, पोलीस पडताळणी ठरावीक काळाने व्हावी लागते. तेव्हा रजेच्या जागी पाठवायच्या बदली व्यक्तींची यादीही पडताळणीसह आधीच घ्यावी, आयत्या वेळी कुणालाही रात्रपाळीला उभे करू देऊ नये. आणि आपल्याकडे 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णाकाठी काय झाले ते आठवा. मुले हलवावी लागली, तर जादा माणसे किती तासांत, कोणत्या दराने मिळतील हे करारात असले पाहिजे. पाणी चढत असताना दरपत्रके मागवता येत नाहीत.

प्रश्न : एजन्सीमार्फत इतकी वर्षे काम केले म्हणून कायम होता येईल का?
— एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : केवळ वर्षांच्या जोरावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या स्टील अथॉरिटी प्रकरणात कंत्राटी कामगार आपोआप सामावले जात नाहीत असे सांगितले आणि 2006 च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने कायम होण्याची वाट अरुंद केली. डिसेंबर 2024 च्या जग्गो प्रकरणात न्यायालयाने कायमस्वरूपी कामावर वर्षानुवर्षे तात्पुरती माणसे ठेवण्याला दोष दिला, पण ते कर्मचारी एजन्सीमार्फत आलेले नव्हते. राज्य शासनाने 6 सप्टेंबर 2023 रोजी नऊ एजन्सींमार्फत भरती करण्याचा निर्णय काढला होता. तो विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला, तरी त्यामुळे जुने कंत्राटी कर्मचारी कायम झाले नाहीत. आपण कोणाच्या देखरेखीखाली काम करतो, हा मुद्दा न्यायालयात कळीचा ठरतो. त्यामुळे अधीक्षकांच्या सहीचे पाळीपत्रक, संस्थेचे ओळखपत्र आणि लेखी आदेश यांच्या प्रती घरी ठेवा.