गुडघ्याची गादी पुन्हा भरते का?

प्रश्न : आईचं वय ६४. एक्स-रेत गुडघ्यातली फट कमी दिसते. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाईनच्या गोळ्यांनी कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गादी) भरून येते का? तिने चालणं बंद करावं का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : भरून येत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पेशीही अगदी थोड्या. तिथलं कोलॅजन मोठेपणी जवळजवळ बदलतच नाही. झीज होताना आधी जातं ते पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकन हे प्रथिन. ते तोडणारं एडीएएमटीएस-५ हे एन्झाइम काढून टाकलेल्या उंदरांत झीज कमी झाल्याचं २००५ मध्ये दिसलं. माणसांसाठी त्यातून मान्यताप्राप्त औषध मात्र अजून निघालेलं नाही. २००६ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत एकूण रुग्णांमध्ये ग्लुकोसामाईन बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. पैसे वाचवा.

चालणं थांबवू नका. दाब पडतो-सुटतो तेव्हा सांध्यातला द्रव कूर्चेत खेळतो. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, ५ सेकंद धरायचा, असं १० वेळा. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर प्रमाण निम्मं करा. गुडघा लाल, गरम होऊन सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.