शोतोकान म्हणजे वाघ का?

प्रश्न असा आहे: 'मुलीच्या कराटेच्या गणवेशावर गोलातला वाघ आहे. प्रकाराचं नाव शोतोकान. क्लासचे सर म्हणतात, शोतोकान म्हणजे वाघ. हे बरोबर आहे का? आणि कराटेतला "कर" संस्कृतातला का?'

दुसऱ्याचं आधी सांगते. 'कराटे'त हात आहे, पण तो 'कर'मध्ये नाही, शेवटच्या 'ते'मध्ये आहे. जपानीत 'ते' म्हणजे हात आणि 'कारा' म्हणजे रिकामा. पूर्वी हाच 'कारा' चीन या अर्थाच्या चिन्हानं लिहीत. उच्चार तोच ठेवून पुढे चिन्ह बदललं. आपल्या 'कर'शी साम्य आहे ते निव्वळ योगायोगाचं.

आता शोतोकान. 'शो' म्हणजे पाइनचं झाड, 'तो' म्हणजे मोठी लाट. पाइनच्या रानातून वारा गेला की लाटांसारखी गाज उठते, ती 'शोतो'. कोकणात संध्याकाळी सुरूच्या बनात उभं राहिलेल्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. डोक्यावरची घोंघों झाडांची की समुद्राची, कळत नाही. या पद्धतीचे कराटेगुरू गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शुरीचे. तिथल्या पाइनच्या डोंगरावर ते फिरायला जात, कविता करत आणि खाली 'शोतो' अशी सही करत. शिरवाडकरांचं जसं कुसुमाग्रज, तसं हे टोपणनाव. 'कान' म्हणजे वास्तू, सदन. पुढे तोक्योत शिष्यांनी पैसे जमवून सरावाची वास्तू उभारली आणि दारावर गुरूच्या टोपणनावाची पाटी लावली: शोतो-सदन! १९४५च्या हवाई हल्ल्यात ती वास्तू गेली. नाव मात्र राहिलं आणि त्या पद्धतीच्या कराटेलाच चिकटलं. कवीच्या टोपणनावानं ओळखली जाणारी युद्धकला मला तरी दुसरी माहीत नाही, म्हणून हा शब्द मला फार आवडतो.

मग वाघ कुठून आला? त्या डोंगराचं नाव 'तोराओ', म्हणजे वाघाचं शेपूट. 'तोरा' म्हणजे वाघ (मराठीतल्या 'तोऱ्या'शी याचा काही संबंध नाही). वाघ तिथलाच असावा असं वाटतं खरं, पण चित्रामागे एक वाक्प्रचार आहे: 'तोरा नो माकी', शब्दशः वाघाची गुंडाळी, म्हणजे गुंडाळून ठेवायची पोथी. एका प्राचीन चिनी युद्धशास्त्राच्या ग्रंथात 'वाघ' नावाचा भाग आहे, त्यावरून एखाद्या विद्येचं मर्म सांगणाऱ्या पोथीला जपानीत असं म्हणू लागले. आज तर शाळकरी मुलांच्या गाईडलाही हाच शब्द वापरतात. १९२२मध्ये फुनाकोशी तोक्योला आले, तेव्हा होआन कोसुगी या चित्रकारानं त्यांना कराटेवर पुस्तक लिहा म्हणून गळ घातली. कराटेची 'तोरा नो माकी' तीच होणार, म्हणून त्यानं पुस्तकासाठी 'तोरा' काढून दिला.

तेव्हा या वाघाचा अर्थ ताकद किंवा हिंस्रपणा असा लावू नये. तो पोथीवरचा वाघ आहे, शब्दातून चित्रात उतरलेला. मुलीच्या गणवेशावरचा वाघ जरा जवळून पाहा. मूळ चित्राबरहुकूम असेल तर शेपटीपाशी बारीक अक्षरं दिसतील. ती होआनची सही.