सहा गोल मारणारा नायक

प्रश्न : ताई, मी 17 वर्षांची आहे, आमच्या संघात राइट विंगला खेळते. पडद्यावरचा फुटबॉल मला खोटा वाटतो. अगदी सुरुवातीच्या चित्रपटांत खरे खेळाडू असायचे का? – एक वाचक

उत्तर : असायचे, आणि नायकाच्या भूमिकेतही! ब्रिटनमध्ये 1920 साली जी. बी. सॅम्युएलसन यांनी 'द विनिंग गोल' हा मूकपट काढला. नायक होता हॅरल्ड वॉल्डन, ब्रॅडफर्ड सिटी या क्लबचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारा मुख्य आक्रमक. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ब्रिटनने हंगेरीचा 7-0 असा धुव्वा उडवला, त्यातले सहा गोल एकट्या वॉल्डनचे. सुवर्णपदकही मिळालं. पुढे तो म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी-विनोदांच्या कार्यक्रमांच्या रंगमंचावर रमला. चेंडूही कह्यात आणि प्रेक्षकही, असा नट सॅम्युएलसनना दुसरा कुठे मिळाला असता? त्यात हा माणूस जन्मला आपल्या अंबाल्यात, 1887 मध्ये. हे वाचलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

चेल्सी क्लबचा खेळाडू जॅक कॉकही त्या चित्रपटात होता, आणि 1930 च्या 'द ग्रेट गेम'मध्येही.

'द विनिंग गोल'ची गोष्ट मला फार जवळची वाटते. हॅरल्ड ब्रिगहाउसच्या 'द गेम' या नाटकावरून ती घेतली होती. क्लबचा मालक कर्जात बुडतो आणि आपला सर्वांत चांगला खेळाडू थेट प्रतिस्पर्ध्याला विकतो. मालकाच्या मुलीचं त्याच खेळाडूवर प्रेम. हे काही हवेतलं नव्हतं. 1905 मध्ये मिडल्सब्रो क्लबने संडरलंड क्लबकडून आल्फ कॉमन या खेळाडूला 1,000 पौंडांना घेतलं तेव्हा इंग्लंडभर गहजब झाला होता. त्या काळी खेळाडूच्या पगारावर आठवड्याला 4 पौंडांची मर्यादा होती! घाम कोणाचा आणि पैसा कोणाला, हे त्या नाटककाराने नेमकं हेरलं.

आता खोटेपणाबद्दल. माझं आयुष्य संकलनाच्या टेबलावर गेलं, म्हणून हे खात्रीने सांगते. नटाला खेळता येत नसेल तर आम्ही तुकडे करतो : बूट, चेहरा, हलणारी जाळी. खेळाडू खरा असेल तर अख्खा देह एकाच दृश्यात ठेवता येतो. 1939 मध्ये थोरोल्ड डिकिन्सनने 'द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी'साठी आर्सेनल-ब्रेंटफर्डचा खराखुरा लीग सामनाच टिपला आणि चित्रपटातला काल्पनिक 'ट्रोजन्स' संघ म्हणून ब्रेंटफर्डचे खेळाडू दाखवले. तो दिग्दर्शक होण्याआधी संकलक होता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

पुढच्या वेळी गोलकडे नको, बूट चेंडूला लागतो तो क्षण बघ. पावलापासून डोक्यापर्यंत माणूस दिसतोय आणि चेंडू मध्ये कुठेही न तुटता निघालाय, तर तो खेळाडू तुझ्यातलाच.