गवसणीतली वाद्ये

प्रश्न : माझे वय ६१ असून दोन वर्षांपूर्वी मी बँकेतून निवृत्त झालो. लहानपणी आमच्याकडे पेटी होती, पण शिकणे राहून गेले. ती रुखरुख आता वाद्ये विकत घेऊन भागवतो आहे, असे म्हणायला हरकत नाही. आज घरात मिरजेची सतार, दिलरुबा, दोन पेट्या, तबला-डग्गा, व्हायोलिन, बुलबुलतरंग, दिमडी (डफासारखे छोटे चर्मवाद्य) आणि सहा बासऱ्या अशी १४ वाद्ये आहेत. मला वाजवता येते ते पेटीवर राष्ट्रगीत आणि सतारीवर भूप रागाचे आरोह-अवरोह, एवढेच. सध्या एका जुन्या वाड्यातला हस्तिदंती नक्षीचा तंबोरा विक्रीला निघाला आहे आणि तो घ्यावा असे फार वाटते. पत्नीचे म्हणणे, आधी एक तरी वाद्य धड वाजवा, मग पंधरावे आणा. आपण काय म्हणाल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वहिनींचा सल्ला योग्य आहे, पण वाद्ये जमवणाऱ्याला ती वाजवता आलीच पाहिजेत, हे मात्र मला मान्य नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर गंगाधर केळकर यांचा व्यवसाय चष्म्यांचा होता आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. त्यांनी जमवलेली वाद्ये पाहताना, यांतले त्यांना स्वतःला काय वाजवता येत होते, असे कोणी विचारत नाही. कलकत्त्याचे शौरींद्रमोहन ठाकूर यांची गोष्ट वेगळी. ते स्वतः सतार शिकलेले आणि संगीतावर ग्रंथ लिहिणारे होते. त्यांनी १८७६ मध्ये बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट दिली आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयात जे वाद्यसंग्रहालय उभे राहिले, त्याच्या मुळाशी ही भेट होती. एक वाजवणारा, एक न वाजवणारा; पण आपण काय जमवतो आहोत आणि कशासाठी, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

आपल्या पत्रात मात्र वाद्यांची नावे आहेत आणि आकडा आहे. दिलरुबा कोणाच्या घरातून आला, व्हायोलिन कोणी किती वर्षे वाजवले, पेट्यांचे सूर कुठले, याविषयी एक अक्षरही नाही. (आकडाही थोडा फसवा आहे. बासरीची पट्टी, म्हणजे तिचा मूळ सूर, बदलता येत नाही, म्हणून वाजवणाऱ्याला वेगवेगळ्या पट्टीच्या बासऱ्या बाळगाव्याच लागतात. त्या सहा मिळून एकच वाद्य समजावे.) त्यामुळे आपल्या खरेदीला संग्रह म्हणणे मला जड जाते. शिकायचे राहून गेले, त्याची ही भरपाई आहे, आणि ते आपणच पत्रात लिहिले आहे. अडचण अशी की नवे वाद्य घरी आले की पहिले चार दिवस आपण शिकायला लागलो आहोत असा भास होतो, आणि तो ओसरला की पुढच्या वाद्याची जाहिरात डोळ्यांत भरते.

दरम्यान आधीची वाद्ये गवसणीत जशीच्या तशी राहत नाहीत. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात, उन्हाळ्यात सैल पडून तारा उतरतात, पोलादी तारांवर गंज चढतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ कपाटावर दशकभर पडून असलेली सतार माझ्याकडे घेऊन आले होते. गवसणी काढली तर पॉलिश आरशासारखे; पण खालच्या पोकळ भोपळ्यावर बोटाने टिचकी मारताच दांडीवरच्या पडद्यांच्या खालच्या फटीतून पिवळसर भुगा सांडला. किड्यांनी आतून भोपळा पोखरला होता. रोज हाताळली असती, तर आवाज बसला आहे हे पहिल्या महिन्यातच कानाला कळले असते.

आता शिकण्याविषयी. चौदांपैकी कोणते वाद्य निवडावे, याचे माझे उत्तर अगदी व्यवहारी आहे. ज्या वाद्याचे शिक्षक आठवड्यातून एकदा समोर बसून शिकवतील, ते निवडावे. तरीही माझा कल सतारीकडे आहे, कारण तिच्याशी आपली थोडी तोंडओळख झाली आहे. दिलरुबा आणि व्हायोलिन यांत गजाने नुसता एक सरळ, न थरथरणारा सूर काढण्यातच बरेच महिने जातात. पेटीचा सूर लगेच निघतो, पण तो कारखान्यातच ठरलेला असतो, त्यामुळे कानाला मेहनत कमी पडते. सतारीच्या बैठकीचा गुडघ्यांना त्रास होईल, हे मात्र गृहीत धरा आणि एका वेळी वीस मिनिटांहून अधिक बसू नका. दिवसातून दोनदा बसलात तरी पुष्कळ झाले. डाव्या तर्जनीवर तारेचा काप पडेल, महिनाभर झोंबेल आणि मग तिथे घट्टा पडेल. माझ्या बोटावरची ती आडवी रेघ अजून आहे.

भूपाचे आरोह-अवरोह येतात असे आपण लिहिले आहे, म्हणून एक प्रयोग सुचवतो. गंधाराच्या (ग) पडद्यावर बोट ठेवा, मिझराबीने, म्हणजे बोटात घालायच्या तारेच्या नखीने, ‘दा’ हा एक आघात करा आणि पडदा न सोडता तार आडवी ओढत पंचमापर्यंत (प) न्या. मग तशीच सावकाश गंधारावर परत आणा. ही मींड भूपाचा जीव आहे. बहुधा पहिल्या दिवशी तार पंचमाच्या अलीकडेच थांबेल किंवा पलीकडे जाईल, कारण बोट तिथे पोचण्याआधी पंचम कानात वाजायला हवा आणि तो अजून वाजत नाही. हे एक वळण नीट बसवायला दोन महिने लागले तरी हरकत नाही. त्या दोन महिन्यांत सतार आपल्या जितकी ओळखीची होईल, तितकी दोन वर्षे घरात असूनही झालेली नसेल.

तंबोऱ्याबाबत मात्र स्पष्ट सांगतो, तो घेऊ नये. नक्षी खरोखरच हस्तिदंताची असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे तिची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि वस्तू जुनी आहे ही सबब चालत नाही. आपली दिमडीही एकदा जाणकाराला दाखवा. पूर्वी तिला घोरपडीचे कातडे लावत आणि घोरपडही याच कायद्याने संरक्षित आहे. रियाजाला तंबोरा लागेल, पण मोबाइलवरचा पुरतो.

मिरजेला जावेच, पण सतार घेऊन. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे हे काम सुरू केले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे जवारी काढून घ्या, म्हणजे तारांचा झणकार पुन्हा खुलवून घ्या. वापराने, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर बारीक खाचा पडतात आणि झणकार बोथट होतो. कारागीर कानशीने घोडी थोडी घासतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवून घासतो. हे काम समोर बसून पाहा. दुसरी पेटी आणि तबला-डग्गा एखाद्या भजनी मंडळाला दिलात, तर ते तरी रोज वाजतील.

प्रश्न : आजोबांची सतार आमच्याकडे आहे. घरात कोणी वाजवत नाही, पण ती विकायची नाही. ती कशी जपावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्व तारा थोड्या उतरवून ठेवा, मात्र पूर्ण सैल सोडू नका, घोडी तारांच्या दाबानेच जागेवर उभी असते. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात तिथे ओल असते. पंधरवड्यातून एकदा गवसणी काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि भोपळ्यावर टिचकी मारून आवाज ऐका. आजोबांनी ती कोणाकडून घेतली, कोणाकडे शिकले, कोणत्या पट्टीत लावत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून एका कागदावर उतरवा आणि तो कागद गवसणीच्या खिशात ठेवा.