फॉलोअर वाढले, मग ऑर्डर का वाढत नाहीत?

व्यवसायासाठी आणि स्वतःची व्यावसायिक ओळख घडवण्यासाठी समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा, याविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलात राहते आणि घरून उकडीचे मोदक, पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ करून देते. वर्षभर इन्स्टाग्रामवर नियमित रील टाकते आहे. फॉलोअर बरेच वाढले, एका रीलला तर लाखावर व्ह्यूज मिळाले. परंतु ऑर्डर अजूनही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरूनच येतात. माझे काय चुकते आहे? – एक गृहउद्योजिका, ठाणे पश्चिम

उत्तर : रील चांगल्या होत असणार, नाहीतर एवढ्या लोकांनी त्या पाहिल्याच नसत्या. अडचण अशी आहे की पाहणारे नागपूरला, इंदूरला किंवा दुबईत बसलेले असतील, तर त्यांच्या ताटात तुमचा गरम मोदक पोहोचणार नाही. टिकटॉकवरील बंदीनंतर लगेचच, जुलै २०२० मध्ये, भारतात आलेले रील हे साधन अनोळखी माणसांपर्यंत पोहोचण्यासाठीच घडवलेले आहे, आणि पाहणारा किती वेळ थांबतो यावर त्याचा प्रसार फार अवलंबून असतो. याउलट सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही कोणत्या विंगमध्ये राहता, भाव काय घेता, मागच्या चतुर्थीला कोणाकडे तुमचे मोदक गेले होते, हे सगळे आधीच ठाऊक असते. तेव्हा वाघबीळ, मानपाडा, कासारवडवली या पट्ट्यातल्या अनोळखी घराला हीच माहिती आणि हाच भरवसा कसा मिळेल, हे तुमचे पुढचे काम आहे.

आधी इन्स्टाग्रामचे अकाउंट प्रोफेशनल प्रकारचे करून घ्या आणि त्याच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे पाहणाऱ्यांची आकडेवारी दाखवणाऱ्या भागात, फॉलोअर कोणत्या शहरांतले आहेत ते पाहा. ठाणे आणि मुंबई त्या यादीत खाली असतील, तर रीलची संख्या वाढवून उपयोग नाही. प्रोफाइलमधील नावाच्या रकान्यात आपल्या उद्योगाच्या नावाबरोबर ‘उकडीचे मोदक, ठाणे’ हे शब्दही घाला, कारण इन्स्टाग्रामवर शोध घेणाऱ्याला हा रकाना सापडतो. त्याखालच्या चार ओळींत काय मिळते, कुठपर्यंत पोहोचवता, किती दिवस आधी सांगावे लागते आणि कोणत्या क्रमांकावर सांगायचे एवढे लिहा. सुविचार तिथे नको. आणि कृपा करून भाव लिहा. कोणी खाली ‘रेट?’ असे विचारले की ‘डीएम करा’ (खासगी संदेश पाठवा) असे उत्तर देण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळे घरगुती उद्योगांची गिऱ्हाइके हातची जातात असे माझे ठाम मत आहे. विचारणारी बाई ऑफिसमधून घरी जाताना लोकलमध्ये उभी असते. तिला तेवढ्यात उत्तर मिळाले नाही तर ती पुढच्या पानावर जाते.

रील बंद करू नका, पण त्यात गाण्यापेक्षा आपले हात दाखवा. पारी करताना अंगठा आत ठेवून बाहेरच्या बोटांनी कडा कशी पातळ होत जाते, कळ्या एकत्र आणून शेंडा कसा मिटतो, चाळणीत ठेवण्याआधी मोदक पाण्यात का बुडवतात आणि वाफेवरून उतरल्यावर पारीला तुकतुकी कशी येते, हे जवळून आणि स्वयंपाकघरातल्या खऱ्या आवाजासह दिसले, तर पाहणाऱ्याला तुमचा हात कळतो. अखेरीस झाकण उघडलेला डबा दाखवा, म्हणजे मोदक केवढा आहे आणि डब्यात किती बसतात ते समजेल. व्यवसायासाठी काढलेल्या बिझनेस अकाउंटला सगळी लोकप्रिय गाणी वापरता येत नाहीत, त्यामुळे खरा आवाज हा सोयीचाही मार्ग आहे.

ऑर्डर घेण्यासाठी मात्र व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरा. २०१८ पासून उपलब्ध असलेल्या या मोफत अ‍ॅपमध्ये पदार्थांचे फोटो आणि भाव यांचा कॅटलॉग लावता येतो, ‘पैसे आले’, ‘डबा पोहोचवायचा’ अशी लेबले लावता येतात आणि तीच तीच उत्तरे एकदाच लिहून ठेवता येतात. एकच मजकूर अनेकांना पाठवण्याच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेला संदेश मात्र ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच मिळतो, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून डबा देतानाच क्रमांक जतन करण्याची विनंती करा आणि ती डब्यावरच्या चिठ्ठीवरही छापा. गूगलवर व्यवसायाची नोंद करताना घरचा पत्ता झाकून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. तिथे ओळखीच्या गिऱ्हाइकांनी लिहिलेले चार खरे अभिप्राय अनोळखी माणसाला धीर देतात. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची) नोंदणी आवश्यक असते. ती तुम्ही केलेली असेलच. तो १४ अंकी क्रमांक डब्यावर छापा आणि प्रोफाइलमध्येही लिहा.

वेळापत्रकाबद्दल एवढेच सांगते की फराळाची यादी दसऱ्याच्या आधी तयार असावी आणि हाताला झेपेल तेवढे काम आले की ‘या वर्षीच्या ऑर्डर बंद’ असे स्वच्छ जाहीर करावे. वेळेवर नकार देणाऱ्या बाईकडे पुढच्या वर्षी लोक लवकर येतात.

प्रश्न : माझे वय ४८ असून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रसायन कारखान्यात देखभाल विभागात २३ वर्षे काम करतो आहे. कारखाना अन्यत्र हलवण्याची चर्चा आहे. मुलगी म्हणते, ‘बाबा, लिंक्डइनवर लिहायला लागा.’ परंतु आपणच आपली टिमकी वाजवणे मला पटत नाही आणि माझे इंग्रजीही बेताचेच आहे. – एक अभियंता, नेरुळ

उत्तर : टिमकी वाजवणे तुम्हाला पटत नसेल तर वाजवू नका. ‘कर्तबगार’, ‘ध्येयवादी’ असली विशेषणे स्वतःला लावलेली वाचून कोणी कामावर घेत नाही. तुमच्याजवळ २३ वर्षांचे काम आहे, ते नुसते सांगायला हवे. प्रोफाइलच्या मथळ्यासाठी २२० अक्षरे मिळतात. तिथे केवळ हुद्दा लिहून थांबण्याऐवजी कंप्रेसर, बॉयलर, कूलिंग टॉवर यांपैकी ज्यांत तुमचा हात बसला आहे त्यांची नावे, रसायन उद्योग आणि नवी मुंबई हे शब्द घाला. माणसे शोधणारे अधिकारी याच शब्दांनी शोध घेतात.

लिहायचे काय, तर जे तुम्ही नवख्या मुलाला शॉपफ्लोअरवर समजावून सांगता तेच. उदाहरणार्थ, सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी यंत्रे बंद असताना कंप्रेसर चालू ठेवला आणि तरीही तो मधूनमधून लोड घेऊ लागला, म्हणजे पुन्हा हवा भरू लागला, तर ती हवा कुठेतरी गळते आहे हे उघड आहे. लोडचा आणि अनलोडचा (हवा न भरता नुसता चालण्याचा) वेळ घड्याळाने मोजला की गळती किती आहे याचा हिशेब निघतो, आणि मग सांध्यांवर साबणाचे पाणी लावत गेले की बुडबुडे जागा दाखवतात. विजेच्या बिलातला केवढा भाग अशा गळतीत जातो हे जाणणारा माणूस एवढ्या मजकुरावरून तुम्हाला ओळखेल. असा एक मजकूर पंधरा दिवसांनी आला तरी पुरे. आधी मराठीत लिहा, मग मुलीच्या मदतीने छोट्या वाक्यांचे इंग्रजी करा आणि हवे तर दोन्ही एकाखाली एक द्या. बाहेरच्या राज्यांतले अधिकारीही वाचणार असल्याने प्रोफाइल मात्र इंग्रजीत असू द्या.

दोन गोष्टी सांभाळा. कारखान्यातील पॅनेलचे फोटो, उत्पादनाचे आकडे आणि ग्राहकांची नावे कधीही टाकू नका. जो आजच्या मालकाची माहिती उघड करतो, त्याला उद्याचा मालक जवळ करत नाही. दुसरे असे की ‘ओपन टू वर्क’ (नोकरीच्या शोधात) ही खूण सगळ्यांना दिसेल अशी किंवा फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी, दोन प्रकारे लावता येते. दुसऱ्या प्रकारातही तुमच्या कंपनीला ती अजिबात कळणार नाही अशी हमी लिंक्डइन देत नाही, म्हणून कारखान्याचा निर्णय होईपर्यंत खूण न लावता केवळ लिहीत राहावे असे मी सुचवीन.

प्रश्न : ठाणे न्यायालयात वकिली सुरू करून थोडीच वर्षे झाली आहेत. इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात केली तर चालेल का? – एक वकील, ठाणे

उत्तर : चालणार नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ३६ नुसार वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करून काम मिळवता येत नाही. २००८ मधील दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहिती देण्याची मुभा मिळाली आहे. भाडेकराराची नोंदणी किंवा वारसाहक्क यांसारख्या विषयांवर सर्वसामान्यांसाठी लेख लिहिणे वेगळे, परंतु त्याच्या शेवटी ‘संपर्क साधा’ आले की रेषा ओलांडली जाते. सनदी लेखापाल आणि डॉक्टर यांनीही पैसे खर्च करण्याआधी आपापल्या परिषदेची आचारसंहिता वाचावी.

प्रश्न : राम मारुती रस्त्याजवळ माझे साड्यांचे छोटे दुकान आहे. एक जण थोड्या पैशांत हजारो फॉलोअर मिळवून देतो म्हणतो, तर एक तरुणी रील करण्यासाठी दोन साड्या आणि वर मानधन मागते आहे. कोणाचे ऐकावे? – एक दुकानदार, नौपाडा

उत्तर : पहिल्याला नाही म्हणून सांगा. विकत आणलेली ती खाती साडी तर घेणार नाहीतच, शिवाय तुमच्या पोस्टना प्रतिसादही देणार नाहीत, आणि प्रतिसाद नसलेली पोस्ट खऱ्या गिऱ्हाइकांपर्यंतही कमीच पोहोचते. अशी खाती इन्स्टाग्राम वेळोवेळी काढूनही टाकते.

त्या तरुणीचा विचार जरूर करा, परंतु आधी तिच्या इनसाइट्समधील शहरांची यादी पाहायला मागा. ठाणे, मुलुंड, डोंबिवली, कल्याण येथून तिला पाहणाऱ्या बायका भरपूर असतील तर दोन साड्या देणे परवडेल. ती यादी दाखवायला ती तयार नसेल तर विषय तिथेच संपवा. व्यवहार झाला तर रीलवर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ अशी स्पष्ट नोंद हवी, कारण मोफत मिळालेली वस्तू हाही मोबदला मानला जातो. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना दिलेल्या आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा यंत्रमागावरील साडीला हातमागाची पैठणी म्हणू देऊ नका.

माझा सल्ला विचाराल तर त्या मानधनाची रक्कम इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या जाहिरातीत घाला. ‘बूस्ट’ करताना, म्हणजे पैसे देऊन पोस्टचा प्रसार वाढवताना, लाइक मिळवण्याचा नव्हे, तर व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश मिळवण्याचा उद्देश निवडा. परिसर ठरवताना नकाशावर नुसते वर्तुळ काढाल तर खाडीपलीकडची ऐरोलीही त्यात येईल, आणि तिथल्या बाईला साडीसाठी वाशी किंवा कोपरखैरणे अधिक सोयीचे वाटू शकते. त्यापेक्षा मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजर या जाहिरातींच्या साधनामध्ये नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर अशी छोटी ठिकाणे वेगवेगळी निवडा आणि विचारपूस कुठून येते ते पाहून पुढच्या महिन्यात रक्कम वळवा.

प्रश्न : खारघरमध्ये मी भरतनाट्यमचे वर्ग घेते. विद्यार्थिनींच्या रीलमुळे प्रवेश वाढतात, पण काही पालक नाराज आहेत. शिवाय एका मैत्रिणीचे अकाउंट हॅक झाल्यापासून भीती वाटते. – एक नृत्यशिक्षिका

उत्तर : पालकांचे म्हणणे रास्त आहे. प्रवेश अर्जातच छायाचित्रांच्या परवानगीसाठी स्वतंत्र सही घ्या. ती न देणाऱ्या पालकांच्या मुलीला वर्गात वेगळी वागणूक मिळता कामा नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्येही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलींची पूर्ण नावे, शाळा आणि वर्गाची वेळ मजकुरात लिहू नका. तुमच्या कलेत तर चेहरा न दाखवताही पुष्कळ दाखवता येते: अरमंडीत (अर्धे बसण्याच्या स्थितीत) बसताना गुडघे कुठे वळतात, पताक या हस्तमुद्रेत अंगठा कसा मुडपलेला असतो, अडवू (नृत्याचे मूलभूत पदन्यास) करताना तळपाय जमिनीवर कसा पडतो. मुलीला नृत्य शिकायला पाठवू पाहणारी आई अशा रीलमधून गुरूची नजर पारखते.

हॅकिंगच्या बाबतीत बहुतेक वेळा ‘तुमच्या अकाउंटवर कॉपीराइटची तक्रार आहे, बंद होऊ नये म्हणून येथे क्लिक करा’ अशा संदेशाने सुरुवात होते. इन्स्टाग्रामने खरोखर पाठवलेल्या ईमेल अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये दिसतात. तिथे नसेल तर तो संदेश खोटा समजा. दोन टप्प्यांची पडताळणी आजच सुरू करा, त्याचे बॅकअप कोड कागदावर उतरवून घरी ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपलाही सहा अंकी पिन लावा. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. आणि सर्व पालकांचे क्रमांक एका वहीतही लिहून ठेवा, म्हणजे अकाउंट हातून गेले तरी संध्याकाळच्या बॅचला त्याच दिवशी कळवता येईल.