थंडीत पद्मिनी सुरू करताना

प्रश्न : वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आम्ही जपली आहे. आठवडाभर उभी राहिलेली ही गाडी डिसेंबरच्या पहाटे चोक पूर्ण ओढून आणि ॲक्सिलरेटर दहा-बारा वेळा दाबूनही सुरू होत नाही; थोड्या वेळाने पेट्रोलचा वास मात्र सुटतो. कार्बोरेटर सोलेक्स असून बॅटरी नवी आहे. काय करावे?
— एक वाचक, निफाड

उत्तर : आपली अडचण बहुधा त्या दहा-बारा वेळा दाबण्यातच आहे. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते आणि झालेली वाफही मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) गार भिंतींवर पुन्हा थेंबांच्या रूपाने बसते, म्हणून सुरुवातीला हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल नेहमीपेक्षा बरेच जास्त लागते. हे मिश्रण तयार करणाऱ्या अनेक कार्बोरेटरांत त्यासाठी हवेची वाट अडवणारी झडप असते. आपल्या सोलेक्समध्ये मात्र चोकचा दांडा ओढला की एक स्वतंत्र मार्ग उघडतो आणि इंजिनाच्या ओढीने त्यातून दाट मिश्रण आत जाते. ही ओढ थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, बंद असतानाच पुरेशी मिळते. आपल्याकडे दोन्ही प्रकारांना ‘चोक’च म्हणतात, त्यामुळे हा महत्त्वाचा फरक सहसा कोणी सांगत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्याने ओढ मंदावते आणि कार्बोरेटरला ॲक्सिलरेटरबरोबर चालणारा पंप असेल तर कच्चे पेट्रोल आत पडून प्लग ओले होतात.

आठवडाभरात फ्लोट चेंबरमधले (कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यातले) पेट्रोलही उडून जाते. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला हाताने चालवायचा लीव्हर असेल, तर तो आधी हलका लागेपर्यंत हलवावा, म्हणजे चेंबर भरण्यात बॅटरी खर्च होणार नाही. मग चोक पूर्ण ओढून, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून, पाच-सात सेकंद सेल मारावा. इंजिनाने पकड घेताच चोक अर्धा आत करावा आणि गाडी सावकाश चालवत एक-दोन किलोमीटरमध्ये पूर्ण बंद करावा. तो उगाच ओढलेला ठेवल्यास पेट्रोल सिलिंडरवरचे ऑइल धुऊन काढते, आणि ही झीज मला न सुरू होण्याच्या त्रासापेक्षा अधिक गंभीर वाटते.

प्लग ओले झालेच, तर चोक बंद करून ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत एकदाच दाबून तसाच धरावा व सेल मारावा. तरीही दाद न दिल्यास प्लग काढून पुसावेत आणि पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) तपासावेत.

हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉलला वाफ होण्यास अधिक उष्णता लागते, शिवाय ते जुन्या रबरालाही मानवत नाही. त्यामुळे पंपाचा पडदा आणि नळ्या एकदा बदलून घ्याव्यात. सेल मारण्यापूर्वीच बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल, तर गळती सापडेपर्यंत चावी फिरवू नये.