टर्नटेबलचा आवाज बारीक येतोय? स्पीकर परत करू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की रामबागेतल्या जुन्या घरातून आजोबांच्या रेकॉर्डी आणल्या, नवं टर्नटेबल घेतलं, त्याची लाल-पांढरी वायर ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज वायरीने घेण्याच्या खाचेत, लावली. आवाज पूर्ण वाढवला तरी बारीक आणि चिरका येतो, मागे सतत घूंऽ चालू असते. म्हणून स्पीकर परत करायचा विचार आहे. करू नका, स्पीकर ठीक आहे.

टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या भागातून, जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. ऑक्सला ३०० मिलिव्होल्ट तरी लागतात. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात. खर्जाच्या मोठ्या लाटा तशाच कोरल्या तर खोबणी इतकी पसरेल की एका बाजूवर वीस मिनिटं मावणारच नाहीत. १९५४ च्या सुमारास ह्याचं आरआयएए नावाचं माप ठरलं. ते उलटं फिरवून आवाज मूळपदावर आणायचा आणि मोठा करायचा, हे काम फोनो प्रीअ‍ॅम्पचं. तुमच्याकडे नेमका तोच मधून गळलाय.

टर्नटेबलच्या मागे ‘फोनो-लाइन’ असं बटण आहे का बघा. असेल तर लाइनवर करा, काम झालं. नसेल तर प्रीअ‍ॅम्पची छोटी डबी वेगळी घ्यावी लागेल: टर्नटेबल, मग डबी, मग स्पीकर. बटण लाइनवर ठेवून वर डबीही लावली तर आवाज फाटेल.

आता घूं. लाल-पांढऱ्या वायरीबरोबर एखादी बारीक सुटी वायर लोंबत असेल तर ती अर्थची. प्रीअ‍ॅम्पवर त्यासाठी वेगळा स्क्रू असतो, त्याला कसा. माझ्याकडे सुरुवातीला ही घूं तंबोऱ्यात अशी मिसळायची की मला ती रेकॉर्डवरचीच वाटे. एका रात्री आपल्या इंदूरच्या गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा राग लावला होता. मध्येच सुई उचलली. तंबोरा थांबला, घूं थांबली नाही. तेव्हा उलगडा झाला. तुम्हीही असंच करून बघा.

ब्लूटूथनेच जोडायचं असेल तर लक्षात घ्या, स्पीकर फक्त घेतो; पाठवणारं टर्नटेबल हवं, नाहीतर प्रीअ‍ॅम्पच्या पुढे ट्रान्समीटर. आवाज किंचित उशिरा येतो, सुई उचलल्यावरही शेवटचं अक्षर ऐकू येतं. गाणं ऐकायला त्याने बिघडत नाही. तरी स्पीकर जवळच राहणार असेल तर मी वायरच लावीन.

मात्र ‘जवळ’ म्हणजे त्याच टेबलावर नव्हे! स्पीकरचा हादरा टेबलातून सुईला पोचतो, सुई तोही आवाज म्हणून पाठवते, स्पीकर तो आणखी मोठा करतो आणि बघता बघता घुमायला लागतं. माडीची जमीन लाकडी असेल तर चालतानाही सुई उडते. टर्नटेबल भिंतीतल्या दगडी फडताळात ठेवा, स्पीकर दुसरीकडे.

आणि हे आजच करा: चवडीत जड, पडल्या तर फुटतील अशा लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी असतील तर त्या वेगळ्या काढा. त्यांची खोबणी कितीतरी रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची, म्हणजे नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डींची, सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बारीक. ती तळाशी जाऊन घासते, सुईही जाते आणि रेकॉर्डही. वेगळी सुई मिळेपर्यंत त्या उभ्याच ठेवा, एकावर एक रचू नका.